थांबायचं तर तारीख ठरवून थांबा

लहान मुलाचं घोरणं वयाबरोबर आपोआप जातं, टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा आहे, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतसुद्धा त्या ऑपरेशनने मुलांच्या बुद्धीत काही फरक पडला नाही. या आशयाचा मजकूर गेली काही वर्षं पालकांच्या मोबाईलवर फिरतो आहे. कधी तो एखाद्या काढ्याच्या जाहिरातीला चिकटून येतो. कधी चांगला शिकलेला, मूळ शोधनिबंध उघडून वाचलेला बाप तोच मुद्दा शांतपणे माझ्यासमोर मांडतो. काढेवाल्यांना उत्तर देण्यात मी वेळ घालवणार नाही. या बापाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. तो सांगतो त्यातली बरीचशी माहिती खरी असते. तिच्यावरून तो काढतो तो निष्कर्ष चुकतो. आणि त्याची किंमत मोजतं तीन-चार वर्षांचं मूल. ते झोपेत असतं, त्यामुळे त्याला स्वतःला तक्रारही करता येत नाही.

मी जिल्ह्याच्या गावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हे ऑपरेशन मी करत नाही, ते कान-नाक-घशाचे सर्जन करतात. मूल त्यांच्याकडे पाठवल्याबद्दल मी कोणाकडून पैसे घेत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पालकांच्या मनात पहिला संशय तोच येतो आणि तो निराधार नाही. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार करावा लागला, तो उगाच नव्हे. डॉक्टरवर संशय घ्या, जरूर घ्या. पण संशय आला म्हणून तपासणी मागणारे पालक वेगळे आणि संशय आला म्हणून घरी बसणारे वेगळे. घरी बसल्याने डॉक्टरचं काहीही बिघडत नाही.

आता त्या चाचणीकडे वळते. तिचं नाव चॅट. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं तिच्यात होती. कोणी कुठल्या गटात जायचं हे चिठ्ठीवर सोडून दोन गट पाडले. एका गटाचं ऑपरेशन लवकर उरकलं, दुसऱ्याला थांबवलं. सात महिन्यांनी दोन्ही गटांतल्या मुलांचं लक्ष, त्यांचा स्वतःवरचा ताबा, कामाची आखणी करण्याची क्षमता असं सगळं मोजलं. फरक इतका किरकोळ निघाला की त्याला अर्थ देता येईना. इथवर आपला शिकलेला बाप शंभर टक्के बरोबर आहे.

पण त्याच निबंधात पुढे जे आहे ते फिरत्या मजकुरात कधीच नसतं. सात महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा केली, तेव्हा ऑपरेशन झालेल्या गटात ७९ टक्के मुलांची तपासणी नॉर्मल आली. थांबलेल्या गटात ४६ टक्क्यांची. वागणूक, दिवसाची तरतरी, एकूण जगण्याचा दर्जा, सगळ्यात ऑपरेशनचा गट पुढे होता. यावर कोणी म्हणेल, आपल्या मुलाचं ऑपरेशन झालंय हे आईबापांना ठाऊक होतं, त्यांना सुधारणा दिसणारच. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वागणुकीचे गुण बाजूला ठेवू. रात्रभर नाकाखाली, छातीवर, डोक्यावर लावलेल्या तारांना मात्र आईबापांना काय वाटतं याच्याशी देणंघेणं नसतं. ७९ आणि ४६ हे आकडे त्या तारांनी दिलेले आहेत.

त्यातला ४६ हा आकडा विरोधकांना हुकमाचा एक्का वाटतो. बघा, जवळजवळ निम्मी मुलं चाकू न लावता बरी झाली! झाली, खरंच झाली. आणि निम्म्याहून जास्त झाली नाहीत. आपलं मूल यांतल्या कुठल्या बाजूला आहे, हे त्या चाचणीतल्या आईबापांना कळलं, कारण मुलाला पुन्हा तपासलं. तुम्हाला कशावरून कळणार?

खरा वाद मला इथेच घालायचा आहे. त्या चाचणीतल्या मुलांचं थांबणं आणि आपल्या घरातलं थांबणं यांत काही म्हणजे काही साम्य नाही. तिथलं प्रत्येक मूल आधी एक रात्र तपासणीत झोपलेलं होतं, त्याचा श्वास तासाला किती वेळा अडतो ते कागदावर होतं. झोपेत ज्यांचा ऑक्सिजन फार वेळ खाली राहत होता, त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांना थांबवून बघणं कोणालाच योग्य वाटलं नाही. थांबण्याला सात महिन्यांची मुदत होती. मधल्या काळात नाकाच्या अ‍ॅलर्जीवर, दम्यावर इलाज चालू होते. आणि मुदतीअखेर पुन्हा तीच तपासणी ठरलेली होती. आपल्याकडे कसं असतं? कान-नाक-घशाचे डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. घरी चर्चा होते. आत्या म्हणते, एवढ्याशा पोराला भूल? मग ‘शाळा सुरू होऊ दे’, मग ‘पावसाळ्यात नको’, मग दिवाळी, मग मामाचं लग्न. फाइल कपाटात जाते. दीड वर्षाने मूल तापासाठी येतं आणि मी घोरण्याचं विचारते, तेव्हा उत्तर येतं, ‘हो, ते आहेच, पण आता सवय झाली.’ सवय आईबापांना झालेली असते. मराठीत आपण याला दुखणं अंगावर काढणं म्हणतो. इथे फक्त ते दुसऱ्याच्या अंगावर काढलं जातं.

विरोधकांच्या बाजूने आणखी पुरावा आहे आणि तो लपवण्याचं मला कारण नाही. ऑस्ट्रेलियात ३ ते ५ वर्षांच्या १९० मुलांवर अशीच चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर बुद्ध्यंकात फरक नाही. अमेरिकेत अगदी सौम्य त्रासाच्या, मुख्यतः घोरणाऱ्या ४५९ मुलांवर पॅट्स नावाची चाचणी झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाग्रतेत तिथेही फरक नाही. स्वीडनमध्ये २ ते ४ वर्षांच्या ६० मुलांवर झालेल्या चाचणीत तर सौम्य आणि मध्यम त्रासाची मुलं एकत्र धरली, तेव्हा श्वासाच्या आकड्यातही दोन गटांत फार अंतर पडलं नाही. मध्यम त्रासाच्या मुलांना मात्र फायदा जास्त झाला. आता या तिन्हींत काय समान आहे ते बघा. सगळीकडे त्रास सौम्य किंवा फार तर मध्यम होता, आणि तो किती आहे हे मोजून माहीत होतं. ज्या मुलाचा त्रास मोजलेलाच नाही, त्याच्या बाबतीत या चाचण्यांचा आधार घेता येत नाही. पॅट्सची आणखी एक गोष्ट. तिथे थांबलेल्या मुलांपैकी १३ टक्क्यांचा त्रास वर्षभरात सौम्यतेची हद्द ओलांडून गेला. ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण जेमतेम एक टक्का होतं. सौम्य म्हणून सोडून दिलेलं मूल सौम्यच राहील असं गृहीत धरता येत नाही.

बुद्धीचा मुद्दा निघालाच आहे तर माझ्याच व्यवसायबंधूंना दोन शब्द सांगते. ‘ऑपरेशन करा, पोरगं अभ्यासात चमकेल’ असं पालकांना सांगणं बंद करा. हे आमिष जुनं आहे. विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी १८८९ मध्येच बंद नाक आणि मुलांचा ‘मठ्ठपणा’ यांची सांगड घातली होती. १९९८ मध्ये डेव्हिड गोझाल यांनी पहिलीच्या वर्गात अगदी तळाला असलेल्या २९७ मुलांची पाहणी केली. बऱ्याच मुलांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि ज्यांच्यावर इलाज झाला त्यांचे पुढच्या वर्षीचे गुण वाढले. अभ्यास महत्त्वाचाच होता, पण तिथे इलाज कोणी घ्यायचा हे चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं, पालकांनी ठरवलं होतं. पुढे चिठ्ठी टाकून झालेल्या चाचण्यांनी ती आशा पुरी केली नाही. तेव्हा गुणपत्रिका दाखवून ऑपरेशन विकणारा डॉक्टर चुकतो, आणि गुणपत्रिका सुधारली नाही म्हणून ऑपरेशन फोल ठरवणारा बापही तीच चूक करतो. मुलाला रात्री श्वास नीट घेता यावा, एवढ्यासाठी हे ऑपरेशन आहे. त्याला दुसरी कुठली लायकी सिद्ध करायला का लागावी?

ज्यांनी हा त्रास जवळून पाहिलेला नाही, त्यांना ‘श्वास अडतो’ हे शब्द फार मवाळ वाटतात. मी पालकांना व्हिडिओ काढून आणायला सांगते, तोही पहाटे चार-पाचच्या सुमाराचा. लहान मुलांचा श्वास मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत अडतो, कारण तेव्हा घशाचे स्नायू सैल पडतात, आणि ही झोप पहाटेकडे जास्त असते. रात्री दहाला काढलेला व्हिडिओ पुष्कळदा फसवा असतो. साडेतीन वर्षांच्या, अकरा किलोच्या एका मुलाचा असा व्हिडिओ त्याच्या आईने मला दाखवला. मूल उताणं, मान मागे टाकलेली, हनुवटी छताकडे, तोंड उघडं. बनियन वर सरकलेलं. घोरण्याचा आवाज एकाएकी बंद होतो. पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते, पोट बसतं तेव्हा छाती वर, दोघांची उलटी चाल. गळ्याखालची खळगी आत ओढली जाते, बरगड्यांमधल्या रेषा उमटतात. आवाज नाही म्हणजे हवा आत जातच नाही. मग सगळं अंग झटका देऊन हलतं, एक मोठा घुसमटल्यासारखा श्वास, कूस बदलते, आणि घोरणं पुन्हा सुरू. सव्वा मिनिटाच्या व्हिडिओत हे दोनदा घडलं. आजी शेजारी बसल्या होत्या. ‘अहो मॅडम, ह्याचा बापबी लहानपणी असाच घोरायचा. गाढ झोपलंय त्ये,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या प्रेमात काडीची खोट नव्हती. पण त्या मुलाचं वजन आठ महिन्यांत वाढलं नव्हतं, उशी रोज घामाने भिजत होती, आणि दिवसा ते पेंगण्याऐवजी घरभर दंगा करत होतं. बालवाडीच्या बाईंनी त्याला ‘वळवळ्या’ ठरवून कधीच मागच्या रांगेत बसवलं होतं.

हाच त्रास मोठ्या माणसाला झाला की तो दिवसा डुलक्या काढतो आणि बायको त्याला दवाखान्यात ढकलते. मूल उलट जास्त चिडतं, जास्त धावतं, सहा वर्षांचं झालं तरी अंथरूण ओलं करतं. खाल्लेलं अंगाला लागत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या गंभीर त्रासात फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. असं विरळ होतं, पण होतं.

कोविडनंतर घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर या बाबतीत पालकांना भलताच धीर देतो. जाग्या मुलाच्या बोटाला तो लावायचा, ९८ दिसले की निश्चिंत. जागेपणी या मुलांचा ऑक्सिजन चांगलाच असतो. स्नायू ताणलेले असतात, घसा उघडा असतो. तसंच घशात बॅटरी मारून टॉन्सिल केवढे दिसतात यावरून झोपेत काय होतं ते सांगता येत नाही. मोठे टॉन्सिल असलेलं मूल निवांत झोपू शकतं आणि मध्यम टॉन्सिलवालं गुदमरू शकतं, कारण नाकामागचा अ‍ॅडेनॉइड तोंडातून दिसतच नाही. आकड्यांचाही घोटाळा होतो. मोठ्या माणसाचा श्वास तासाला पाचपर्यंत वेळा अडला तर आपण तिकडे काणाडोळा करतो. मुलांत एकपासूनच दखल घ्यायची असते आणि दहाच्या वर गंभीर म्हणायचं असतं. मुलाच्या तपासणीत १२ आले असता ‘नेटवर १५ पर्यंत सौम्य लिहिलंय’ असं म्हणणारे वडील मला भेटलेत. ते मोठ्यांचं कोष्टक वाचत होते.

‘वय वाढलं की आक्रसतात’ हे विधानही असंच अर्धवट आहे. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड पुढे लहान होतात, हे खरं. पण कधी? साधारण तीन ते सात या वयात घशाच्या जागेच्या मानाने ते सर्वांत मोठे असतात आणि नीट आक्रसतात वयात येण्याच्या सुमाराला. आठ वर्षांच्या मुलाच्या बापाने हे वाक्य म्हटलं तर मी ऐकून घेईन. तीन वर्षांच्या मुलाच्या बापाला मला सांगावं लागतं की तुमच्या मुलाचं अ‍ॅडेनॉइड अजून चढणीवर आहे. तुम्ही ज्या उताराची वाट पाहताय तो यायला काही वर्षं आहेत, आणि तीच त्याच्या वाढीची वर्षं आहेत.

विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा इतिहासाचा आहे आणि तो मला मान्य आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली ११ वर्षांच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली मुलं डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी ४५ टक्के मुलांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको म्हटलं होतं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी त्यांतल्या ४६ टक्क्यांना सांगितलं. तरीही सुटलेली तिसऱ्यांदा दाखवली, पुन्हा ४४ टक्के. शेवटी हजारांत ज्यांना कोणीच ऑपरेशन सांगितलं नाही अशी फक्त ६५ मुलं उरली. इंग्लंडमध्ये १९३८ साली अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी दाखवून दिलं की शेजारशेजारच्या भागांत या ऑपरेशनचं प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं होतं आणि त्याला आजारात कुठलंही कारण सापडत नव्हतं. शाळेचा डॉक्टर बदलला की आकडा बदलायचा. ही आमच्या व्यवसायाची शरमेची गोष्ट आहे. पण तिच्यातून घ्यायचं काय? ते डॉक्टर जाग्या मुलाच्या घशात डोकावून, निव्वळ नजरेच्या अंदाजाने चाकू उचलत होते. जागं मूल बघून अंदाजाने ‘काही नाही, जाईल’ म्हणणारेही न मोजताच निकाल देतात. फरक एवढाच की त्यांच्या चुकीची नोंद कुठल्या पाहणीत होत नाही.

झोपेची तपासणी करणाऱ्या, त्यातही लहान मुलांची नीट करणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटलेल्या आहेत. खर्च आहे, मुक्काम आहे, तारा ओढणारं मूल आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ साली शिफारस केली ती याच तपासणीची, पण ती जमत नसेल तर दुसऱ्या तपासण्यांचा आधार घ्यावा हेही तिथेच सांगितलं आहे. नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर रात्रभर पायाच्या अंगठ्याला लावून ऑक्सिजनचा आलेख काढता येतो. त्या आलेखात घसरणींचे घोळके दिसले, की मोठ्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडच्या एरवी निरोगी मुलात निदान जवळजवळ पक्कं मानता येतं. आलेख स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं मात्र म्हणता येत नाही, तेव्हा पूर्ण तपासणीला पर्याय उरत नाही. डाउन सिंड्रोमची मुलं, जबड्याची किंवा चेहऱ्याची ठेवण वेगळी असलेली मुलं, स्नायू दुबळे असलेली, फार लठ्ठ आणि दोन वर्षांखालची मुलं, यांच्या बाबतीत तर कितीही लांब जावं लागलं तरी पूर्ण तपासणी करून घ्या. यांच्यात आकडा आणि धोका दोन्ही वेगळे असतात, आणि नुसत्या ऑपरेशनने भागेलच असं नसतं.

टॉन्सिल काढल्याने प्रतिकारशक्ती जाते, ही भीती मी थोडक्यात हातावेगळी करते. हे अवयव प्रतिकाराच्या कामातले आहेत, पण एकटे नाहीत. ते काम करणाऱ्या ग्रंथी शरीरभर आहेत. डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनमार्गाचे आजार जास्त दिसले. पण जी मुलं आधीच जास्त आजारी पडतात त्यांचेच टॉन्सिल काढले जातात, हा पेच नुसत्या नोंदींतून पूर्ण सुटत नाही. भुलेबद्दल: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांबाबत इशारा दिला तो तीन तासांहून लांबणाऱ्या किंवा वारंवार दिलेल्या भुलेचा. हे ऑपरेशन बहुधा तासाच्या आत आटपतं. तान्ह्या बाळांना दिलेल्या साधारण तासाभराच्या भुलेने पाचव्या वर्षी बुद्धीत फरक पडत नाही, असं २०१९ साली अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीत दिसलं.

थांबण्याच्या विरोधात मी नाही. आकडा पाचाच्या आत आहे, मूल वाढतंय, दिवसा ठीक आहे, तर मी स्वतःच थांबायला सांगते. तेव्हा मिठाच्या पाण्याचा स्प्रे रोज नाकात मारायचा. मेलबर्नमध्ये २७६ मुलांवर झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी स्टिरॉइडच्या स्प्रेने ४४ टक्के मुलांचा त्रास मिटला आणि साध्या मिठाच्या पाण्याने ४१ टक्क्यांचा. म्हणजे साधा उपाय आधी, स्टिरॉइड गरज पडली तर. आणि ‘चाकू नको, औषधावर भागवू’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर ऐकावी. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला सर्रास दिलं जाणारं मॉन्टेलुकास्ट या मुलांना महिनोन्‌महिने चालू राहतं. त्याने काही मुलांत चिडचिड, भीतिदायक स्वप्नं, वागण्यात बदल होतात म्हणून २०२० मध्ये अमेरिकेत त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोप सुधारण्यासाठी दिलेलं औषध झोप बिघडवत नाही ना, हे कोण बघतं? थांबण्याच्या काळात हे बघायचं असतं. दर महिन्याला वजन लिहायचं असतं, पहाटेचा व्हिडिओ काढायचा असतो, आणि तीन महिन्यांनंतरची, फार तर सहा महिन्यांनंतरची तारीख आजच ठरवायची असते. त्या दिवशी काय दिसलं तर ऑपरेशन आणि काय दिसलं तर आणखी थांबणं, हेही आजच ठरतं. एवढं करायची घरच्यांची तयारी नसेल, तर त्यांनी आपल्या थांबण्याला अमेरिकेतल्या चाचणीचं नाव देऊ नये.

आणि आकडा दहाच्या वर असेल, ऑक्सिजन घसरत असेल, वजन थांबलं असेल, तर वाट पाहण्याच्या बाजूने माझ्याजवळ एकही युक्तिवाद नाही.

ऑपरेशन बिनधोक आहे असं मी कोणालाही सांगत नाही. शंभरात दोन-चार मुलांना नंतर रक्तस्राव होतो. मृत्यू अतिशय विरळ, पण अशक्य नाही. म्हणूनच सर्जनना विचारायचे प्रश्न ‘करू का नको’च्या पुढचे असतात. मूल तीन वर्षांखालचं किंवा त्रास गंभीर असेल तर त्या रात्री ते रुग्णालयातच, ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राखाली राहणार ना? ज्यांचा श्वास आधी अडत होता, त्यांचा पहिल्या रात्री जास्त बिघडू शकतो. दुखण्यावर काय देणार? पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चालतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल नको. काही मुलांचं यकृत या औषधांचं इतक्या वेगाने तीव्र अंमली द्रव्यात रूपांतर करतं की श्वास थांबतो. कोडीन दिलेली मुलं दगावल्यावरच २०१३ मध्ये अमेरिकेत या ऑपरेशननंतर त्यावर बंदी आली, आणि २०१७ मध्ये ट्रॅमाडॉलवर. पूर्ण टॉन्सिल काढणार की आवरण राखून आतला भाग? दुसऱ्या पद्धतीत दुखणं आणि रक्तस्राव कमी, पण ऊतक पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता.

आणि गावाकडच्या पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचं. पाचव्या ते दहाव्या दिवसात घशातली खपली सुटते आणि उशिराचा रक्तस्राव होतो तो याच दिवसांत. मूल तेव्हा खेळायला लागलेलं असतं, सगळ्यांना हायसं वाटलेलं असतं. जिथून रात्री दोनला गाडी मिळत नाही अशा वस्तीवर त्याला चौथ्या दिवशी परत नेऊ नका. शहरात मावशी-काका असतील तर दहा दिवस त्यांच्याकडे राहा. दुखतंय म्हणून मूल प्यायला नकार देतं, तिथे लाड न करता दर तासाला घोट घोट पाजा. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल सारखं गिळताना दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.

शेवटी राहिला तो आकडा, जो विरोधक विजयी मुद्रेने दाखवतात. २०१० मध्ये ५७८ मुलांच्या पाहणीत ऑपरेशननंतर तपासणी पूर्णपणे नॉर्मल आली फक्त २७ टक्क्यांची. आकडा खरा आहे. त्यातली जवळपास निम्मी मुलं लठ्ठ होती, हेही खरं आहे. आणि त्याच मुलांचा श्वास अडण्याचा सरासरी आकडा तासाला १८ वरून ४ वर आला, हेही. अठरावरून चारवर येणं ज्याला अपयश वाटतं, त्याने अठरा असलेल्या मुलाशेजारी एक रात्र बसावं. पण चार म्हणजे शून्य नव्हे. काहींना पुढे स्प्रे लागतो, काहींना वजन उतरवावं लागतं, काहींना रात्री दाबाने हवा देणारा मास्क. घोरणं बंद झालं म्हणून मी कोणाला मोकळं करत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी वजन आणि पहाटेचा व्हिडिओ घेऊन पुन्हा बोलावते. ज्यांचा आधीचा आकडा गंभीर होता त्यांची तपासणी पुन्हा करायला लावते. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं नसेल, तर घरी निघण्याआधी काउंटरवर थांबून लिहून घ्या.